वकील निवडीचे चाळीस प्रश्न

आमच्या कार्यालयाच्या खरेदी विभागात एक स्टेपलर आहे. तो घेण्यापूर्वी खरेदी अधिकाऱ्यांनी विक्रेत्यांना चौदा प्रश्न विचारले होते, तीन दरपत्रकं मागवली होती आणि सात महिने घेतले होते. त्या सात महिन्यांत आम्ही कागद टाचणीनं जोडले, बोटं टोचून घेतली, पण स्टेपलर आजतागायत एकदाही अडकलेला नाही. हे आधी सांगण्याचं कारण असं, की याच अधिकाऱ्यांचं, म्हणजे आमच्या साहेबांचं, लग्न दोन्हीकडच्या मावश्यांनी वीस मिनिटांत ठरवलं होतं. त्या वीस मिनिटांत त्यांनी होणाऱ्या पत्नीला एकच प्रश्न विचारला: "पंखा थोडा कमी करू का?" ती म्हणाली, राहू दे. मग पंखा राहिला आणि लग्नही झालं.

साहेबांच्या पत्नी, म्हणजे बाई, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत बसतात. दिवसभरात दोनेकशे माणसं त्यांना प्रश्न विचारतात. घरी आल्यावर एक माणूस एक प्रश्न विचारतो: "चावी कुठे आहे?" असं नऊ वर्षं चाललं. मग एका रविवारी सकाळी बाई म्हणाल्या, मला वेगळं व्हायचंय.

का, असं साहेबांनी विचारलं नाही. ते म्हणाले, ठीक आहे, पण वकील नीट बघून घेऊ. घाई केली की माल खराब निघतो.

सोमवारी त्यांनी प्रपत्र तयार केलं. घटस्फोटासाठी वकील निवडताना विचारायचे प्रश्न, एकूण चाळीस, गुण शंभर. कामाला त्यांनी अख्खा विभाग लावला आणि ते आम्हाला गैर वाटलं नाही, कारण टाचण्यांचे दिवस आम्ही विसरलो नव्हतो. प्रश्न खरोखर विचारपूर्वक काढलेले होते. पहिलाच: आपण फोन उचलता का? चौथा: अशिलाचं बोलणं मध्ये न तोडता किती मिनिटं ऐकू शकता? अकरावा: वाईट बातमी उभ्यानं सांगता की बसवून? सतरावा: माझं चुकतंय असं दिसलं, तर तसं सांगाल का? एकोणतिसावा: माझ्या प्रकरणाचा थकवा आला, तर मला वेळेवर कळवाल ना? आणि चाळिसावा, ज्यावर साहेबांनी दोन दिवस घालवले: मी जसा आहे तसा आपल्याला चालेन का?

आमच्या टंकलेखिका बाईंचे डोळे हा शेवटचा प्रश्न टाइप करताना पाणावले. साहेबांनी त्यांना समास नीट सोडायला सांगितलं.

नियमाप्रमाणे तीन वकिलांना समक्ष भेटायचं ठरलं. पहिले वकील नवव्या प्रश्नाला, म्हणजे अशील रडू लागल्यास काय करता याला, "रुमाल देतो" असं म्हणाले. साहेबांनी अर्धा गुण दिला. रुमालाचा आकार नमूद नव्हता. दुसऱ्या वकीलबाईंनी तीन प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि पेन खाली ठेवून विचारलं, "तुमच्या पत्नीचं म्हणणं काय आहे?" उलट प्रश्न विचारण्याची तरतूद प्रपत्रात नव्हती. त्या तिथेच अपात्र ठरल्या. तिसरे म्हणाले, आपण जिंकलोच म्हणून समजा. अतिउत्साहाचे पाच गुण कापले गेले.

तिघांपैकी कुणालाच चाळीस गुणही मिळाले नाहीत. तेव्हा साहेबांनी प्रश्नांसकट वर्तमानपत्रात फेरनिविदा काढली. उत्तरं बंद पाकिटात मागवली. ओळखदेख आडवी येऊ नये म्हणून नाव-पत्ता वेगळ्या पाकिटात घालून आवक-जावक कारकुनाकडे ठेवायचा आणि साहेबांनी फक्त अ, ब, क, ड तपासायचे, अशी चोख व्यवस्था झाली.

पाकिटं दोन साक्षीदारांसमक्ष उघडली. पहिली तीन यथातथा होती. मग 'ड'चं आलं. फोनबद्दल लिहिलं होतं: उचलते. पलीकडून काय ऐकायचंय ते आधीच ठाऊक असतं, तरी उचलते. ऐकून घेण्याबद्दल: नऊ वर्षांचा अनुभव, खंड नाही. सतराव्याला: सांगत आले आहे. ऐकण्याची सोय अशिलानं करावी. फक्त चाळिसाव्यापुढे लिहिलं होतं, उत्तर समक्ष देईन.

आमच्यात खाकरण्याची साथ आली. अक्षर साहेबांच्या ओळखीचं असायला हरकत नव्हती. ते नऊ वर्षं त्यांच्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर दिसत होतं. पण चिठ्ठ्या तपासणीच्या कक्षेत येत नव्हत्या. "माणूस अनुभवी दिसतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी सत्त्याण्णव गुण दिले.

नियुक्तिपत्र रजिस्टर पोस्टानं गेलं. पाकिटावरचा पत्ता कारकुनानं दोनदा वाचला, पण पत्त्यावर मत देणं त्याच्या कामात बसत नव्हतं. पोस्टमन आला तेव्हा साहेब घरीच होते. पत्र त्यांनी स्वतः सही करून घेतलं आणि बाईंच्या हातात देत म्हणाले, तुझं काहीतरी आलंय. काय आलंय, हे विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी अकरा वाजता बाई कार्यालयात आल्या. साहेबांसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि टेबलावर नियुक्तिपत्र ठेवलं.

साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं. "पण तू वकील नाहीस."

"हे चाळीस प्रश्नांत कुठे विचारलंयस?"

साहेबांनी प्रपत्र दोनदा चाळलं. रुमालाचा प्रश्न होता, थकव्याचा होता. आपण वकील आहात का, हा नव्हता. त्यांचा चेहरा स्टेपलर अडकल्यासारखा झाला. नियुक्ती रद्द करायची तर नियुक्त व्यक्तीचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक होतं. तो नियम त्यांचाच.

"प्रश्न क्रमांक चाळीस प्रलंबित आहे," ते म्हणाले.

"तू चालला असतास," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं चालवून घेतलंच की. वकिलाला विचारलंस, थकलात तर सांगाल ना. वाचून मला त्या वकिलाचा हेवा वाटला रे. मागच्या वर्षी मी दोन आठवडे तापानं पडून होते, तेव्हा तू उशाशी येऊन चावी विचारलीस."

आम्ही सगळे टाचणी लावायला कागद शोधत होतो.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "बारापर्यंत सुट्टी घेतलीय. आता मला एक प्रश्न विचार. कुठलाही. मला हवासा वाटला, तर हे पत्र फाडून टाकते आणि आपण घरी जाऊ."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. प्रपत्राकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. बाईंकडे ते बराच वेळ पाहत राहिले, आणि टंकलेखिका बाई आम्हाला आजही शपथेवर सांगतात की त्यांच्या ओठावर काहीतरी आलं होतं. शेवटी ते म्हणाले, "लेखी दिलं तर चालेल का?"

लग्नाआधीचा पंखा आणि नंतरची चावी धरली, तर हा त्यांनी पत्नीला विचारलेला तिसरा प्रश्न.

"चालेल," बाई म्हणाल्या. त्या हसल्या, आणि ते हसू काही वाईट नव्हतं. पर्समधून त्यांनी घराची चावी काढून नियुक्तिपत्रावर ठेवली. "ही इथे आहे," असं म्हणून त्या पावणेबाराला निघून गेल्या.

घटस्फोट रीतसर झाला. बाईंनी त्या अपात्र ठरलेल्या वकीलबाई घेतल्या. निवडायला त्यांना चार मिनिटं लागली. साहेबांचा लेखी प्रश्न अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे. शब्दयोजना बारकाईनं चालू आहे.

प्रपत्राचं मात्र नाव झालं. कार्यालयात आम्ही चौसष्ट माणसं. एकसष्ट जणांनी झेरॉक्स नेली. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी 'एका मित्रासाठी' असं लिहिलं. अशा प्रकारे एका मित्राला एकसष्ट प्रती मिळाल्या. आता बाहेरूनही मागणी आहे, म्हणून ते कारण आम्ही आधीच छापून घेतलं आहे.

तुम्हालाही प्रत पाठवू. प्रश्न वाचता वाचता तुम्ही गुण द्यायला सुरुवात केलीच असेल: फोनचे इतके, ऐकण्याचे इतके, थकव्याचे शून्य. बेरीज झाली असेल तर गुण कुणाला दिलेत त्याचं नाव लिहून पाठवा.

स्वतःचं नाव कुणी लिहीत नाही, म्हणून स्वतःच्या गुणांचा रकाना आम्ही काढून टाकला आहे.