अडीच गोलांची टोपी

"आज तीन गोल ठोकतो की नाही, बघच!" ब्रानोने सकाळीच बायकोला, ल्युबित्साला, सांगून टाकलं.

सांगायला काय जातं! वय पस्तीस, गुडघे पन्नाशीचे आणि करार महिनाअखेर संपणार. स्लोव्हाकियाहून फिनलंडला येऊन चार वर्षं आइस हॉकीपायी बर्फावर हाडं मोडून घेतली, तरी परदेशी खेळाडूची पत शेवटच्या सामन्याएवढीच. क्लबवाले लिंबासारखं पिळतात आणि उरलेलं साल विमानात बसवून देतात! मॅनेजर केत्तुनेनसाहेब म्हणाले होते, "आजचा खेळ बघतो. संपला की माझ्या कचेरीत ये."

"म्हणजे हाकलणारच," ल्युबित्सा म्हणाली. "लेकीच्या शाळेत कळवून ठेवू का?"

"तुझ्या तोंडात साखर पडो!"

पहिला गोल चौथ्याच मिनिटाला. दुसरा विश्रांतीआधी. आणि शेवटची दोन मिनिटं उरली असताना ब्रानोने स्टिक फिरवली, चकती थेट जाळ्यात!

झालं! एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की गावाने डोक्यावरच्या टोप्या बर्फावर फेकायच्या, हा इथला धर्मच. गोंड्यांच्या, कानपट्ट्यांच्या, आजीने विणलेल्या, टोप्यांचा खच पडला! सख्ख्या भावाच्या लग्नात न हसलेले केत्तुनेनसाहेबसुद्धा उठले आणि त्यांनीही काहीतरी केसाळ भिरकावलं.

माणसं फावड्यांनी टोप्या पोत्यांत भरतायत, तोवर भोंगा खाकरला. "दुरुस्ती! तिसरा गोल वेइक्काचा. चकती त्याच्या ढुंगणाला लागून आत गेली."

ब्रानोच्याच संघातला वेइक्का तर जाळ्यासमोर पालथा पडला होता!

"टोप्या परत करा!" सगळं मैदान बोंबललं. बाहेर उणे सव्वीस!

कपडे बदलताना ब्रानो त्याच्या हातापाया पडला. "अरे, नाही लागली म्हणून सांग ना!"

"लागली रे! वळ दाखवू?"

कचेरी पटांगणापलीकडे. ओल्या केसांनी निघालं तर कान वाटेतच गळायचे. त्याने बायकोला फोन लावला. "माझी टोपी कुठाय?"

"फेकली!"

"माझी?"

"मग काय शेजारणीची फेकू? गोल माझ्या नवऱ्याचा!"

"नाहीये तो माझा!"

दारातल्या पोत्यात हात घातला, पहिली ऊबदार टोपी लागली ती कानांवर ओढली आणि धूम ठोकली.

साहेबही नुकतेच पटांगण ओलांडून आले होते. कान बिटासारखे लाल, चष्म्यावर वाफ. चष्मा काढून ते पुसत बसले होते. टेबलावर कागद, हातात पेन.

"बस. गोल अडीच का होईना, खेळलास बरा. दोन वर्षांचा करार. सही करतोच आहे."

ब्रानोचा जीव भांड्यात पडला. पण पेन थांबलं.

"डोकं ठिकाणावर नाही आज माझं. वडिलांची टोपी फेकली मी! कोल्ह्याच्या कातड्याची. आणि पोत्यातून कुणा हरामखोराने ती लांबवली! सापडू दे, क्लबच्या दारात उभा करणार नाही त्याला!"

ब्रानोच्या टाळूला घाम फुटला. कपाळावर मऊ मऊ केस गुदगुल्या करायला लागले.

"आणि तू टोपी घालूनच बसलास?" साहेब डोळे बारीक करत म्हणाले. "घरात आलं की टोपी काढतात. चार वर्षांत एवढंही शिकला नाहीस?"

"काढतो साहेब," ब्रानो म्हणाला. "चष्म्याचं राहू द्या. आधी सही करा ना!"

साहेबांनी आधी चष्मा लावला.