लिफ्टमधलं गाऱ्हाणं

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, वीज गेली आणि काळोखात माझ्या शेजारी गणूभावजींनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुझी दोन लेकरं ह्या पेटाऱ्यात कोंडून पडली हायत म्हाराजा!"

"भावजी, आधी ती घंटी दाबा."

"दाबली वयनी. ती वाजत नाय. म्हणून तर देवाला सांगतोय."

कुठल्याही कामाआधी देवाला मोठ्यानं साकडं घालायचं, त्याला आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. लोक देवळात घालतात, लग्नात घालतात. गणूभावजी कशालाही घालतात. माझा मिक्सर आला तेव्हा त्याला कुंकू लावून म्हणाले, "ह्या यंत्रात वयनीचं बोट जाव देव नको म्हाराजा." बोट गेलं नाही. मिक्सर जळला. मी ओरडले, तर म्हणाले, "मी बोटाचंच सांगितलं व्हतं."

आमची आळी पाडायला जेसीबी आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे नारळ ठेवला. ड्रायव्हर परमुलखातला. त्याला एक अक्षर कळेना, पण आळीतली माणसं म्हणतात म्हणून तोही हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणत राहिला. मग त्यानं भावजींचंच घर सगळ्यात आधी पाडलं.

त्या जागी ही इमारत झाली. जुन्याचं मला काही वाईट वाटलं नाही. गळक्या कौलांखाली टोप मांडत बसायची हौस असेल त्याला असो. फक्त पूर्वी पडव्या समोरासमोर होत्या, आता दारं बंद असतात. भावजी खाली जिन्याजवळ उभे राहून गाऱ्हाणं घालायचे आणि 'होय म्हाराजा' म्हणायला कुणी नसायचं. मी तर आळीतही कधी म्हटलं नव्हतं. तेवढ्या वेळात भात करपतो.

लिफ्टमध्ये गरम व्हायला लागलं. माझ्या पिशवीतल्या बांगड्यांना मासळीचा वास सुटला. भावजींनी बांगड्यांसाठीही घातलं. मग एकाएकी गप्प झाले. त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला, भात्यासारखा. त्यांच्या हाताला हात लावून बघितलं, तर थंडगार.

माणूस बोलता राहिला पाहिजे, म्हणून मी विचारलं, "भावजी, तुमची खोली तर तळाला. तुम्ही लिफ्टमध्ये कशाला?"



"वर-खाली करतो वयनी. सकाळी बाजाराची वेळ, मग शाळा सुटायची वेळ. माणूस भेटतो तो हितंच. बाहेर पडला की दार लावून घेतो. माझी सुमती गेल्यापासून घरात बोलायला भिंती. त्या 'होय' म्हणत नायत."

मला असलं काही ऐकायची सवय नाही. मी म्हटलं, "पुढचं घाला. अर्धवट टाकू नका."

"कोण म्हणणार?"

"मी मेलेय काय?"

त्यांनी घसा खाकरला. आवाज बारीक निघाला.

"बा देवा म्हाराजा, पहिल्या मजल्यावरल्या पोरीला नोकरी लागू दे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"तिसऱ्या मजल्यावरल्या म्हातारबुवांचं बाथरूमला जाणं सोपं कर म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या वयनीचे गुडघे अजून चार पावसाळे चालव म्हाराजा. तोंड चालतंच हाय."

मी 'होय' म्हणायच्या आधी दाराबाहेरून, जिन्यातून, वरून-खालून आवाज आला, "होय म्हाराजा!" वीज गेली म्हणून माणसं बाहेर आली होती आणि आमचं ऐकत उभी होती. मेली आधी बोलायला काय झालं होतं?

भावजींनी माझ्या पिशवीचा एक बंद घट्ट धरला होता. दार उचकटलं तेव्हाही सोडला नव्हता.

अख्खी इमारत 'होय' म्हणाली, पण आत दोघंच होतो. तळमजल्यावरले गणूभावजी आणि चौथ्या मजल्यावरली मी.