शेवटच्या पंगतीचे देवमनकाका

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळची वेळ. रक्कम अठ्ठावन्न हजार चारशे रुपये; भरलेली आणि परत न मिळणारी. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि शेजारचे देवमनकाका. आम्ही दोघं बसलो होतो. देवमनकाका चहाचा कप हातात घेऊन उभे होते, कारण माझा चहा अजून संपला नव्हता.

"काकाजी, बसा ना," सुनंदा म्हणाली.

"होऊ द्या, होऊ द्या. प्रकाशचं होऊ द्या आधी."

मी चहा घाईघाईने संपवला. तेव्हा कुठे त्यांनी पहिला घोट घेतला. तोवर त्यांच्या चहावर साय धरली होती.

आमच्या कळंबमध्ये देवमनकाकांना इतरांच्या आधी जेवायला बसवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वय अडुसष्ट, उंच आणि सडसडीत. गावाबाहेर कपाशी आणि तुरीचं शेत. मुलगी नागपूरला दिलेली, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. पण ही झाली कागदावरची माहिती. खरी ओळख एवढीच की ते वाढपी आहेत. लग्न असो, तेरवी असो, चिंतामणीच्या देवळातला महाप्रसाद असो, देवमनकाका स्वतःची पळी घेऊन हजर. लांब दांड्याची स्टीलची पळी, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली. याचा त्यांनी कुणाकडून कधी एक रुपया घेतलेला नाही.

त्यांचं खातं वरणाचं. बुंदी कुणीही वाढावी, पोळ्या पोरांनी वाढाव्यात, वरणाची बादली मात्र त्यांच्याच हातात. "वरन म्हंजे जबाबदारी हाये बावा," असं ते म्हणतात. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला की काका वाकतात, दोन बोटांनी तो हात भांड्यावरचं झाकण उचलावं तसा अलगद उचलतात, आणि वाढून पुढे जातात. अमरावतीच्या माझ्या साडूने एकदा हट्टाने हात काढला नाही. वरण सरळ त्याच्या मनगटावर पडलं. काका शांतपणे म्हणाले, "घड्याळ जेवलं. आता तुमी जेवा."

आमच्या मुलीच्या, प्रणालीच्या लग्नात केटररने टेबलं मांडली होती. महागावकडची म्हातारी माणसं ताटं हातात घेऊन गोंधळून उभी राहिली. काकांनी कुणाला न विचारता हॉलच्या मागे सतरंज्या अंथरल्या, सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीने बसवलं आणि एकट्याने वाढलं. ते पाहुणे भेटले की अजून त्या जेवणाचं नाव काढतात.

आता त्या रकमेचं. प्रणाली पुण्याला नोकरी करते. तिने आम्हा दोघांसाठी मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ काढून दिली. सुनंदाने मोबाइलवर लाटांचा एक व्हिडिओ पाहिला आणि जाहीर केलं की ती विहिरीत वाकूनही पाहत नाही, तर समुद्रात कशी जाईल. पैसे परत मिळणार नव्हते. दोन हजार भरून नाव तेवढं बदलता येत होतं.

"माह्या जागी काकाजीले न्या," ती म्हणाली. "आपल्या पोरीच्या लग्नात त्याईनं किती केलं."

काका विचारात पडले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बोटीवर पंगत किती वाजता बसते?"

"तिथे पंगत नसते काकाजी. कधीही जा, पाहिजे तेवढं घ्या."

"मंग उठते कधी?"

मी हसलो. तेव्हाच तो प्रश्न नीट ऐकून घ्यायला हवा होता.

वर्ध्याहून गाडी पकडून आम्ही मुंबईला पोचलो. बंदरावर सगळा कारभार विमानतळासारखा. सामानाला पट्ट्या लावल्या, आधार कार्ड तपासलं, पिशव्या यंत्रातून गेल्या. काकांची पिशवी तिथेच अडकली. तपासनीस बाईंनी आधी नारळ काढला. समुद्राला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून काकांनी तो कळंबहून आणलेला. मग निघाले सुनंदाचे लाडू. मग निघाली पळी.

"ये क्या है?"

"पळी."

"किसलिए?"

"वरन के लिए," काका म्हणाले. याहून जास्त सांगण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलं नाही.

बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून लाडू आणि नारळ चिठ्ठी लावून ठेवून घेतले, उतरताना परत मिळतील असं सांगितलं. पळीला धार नव्हती, ती सुटली. काकांनी ती फडक्यात पुन्हा गुंडाळली.

आमची खोली आतल्या बाजूची होती, म्हणजे खिडकी नसलेली. खिडकीवालीचा दर बराच जास्त. काकांनी चारही भिंती पाहिल्या आणि म्हणाले, "धान्याची कोठी हाये ही. उंदीर तेवढे नाहीत." दाराचं कार्ड तेच खर्चाचंही कार्ड. पाण्याची बाटली घेतली तरी ते दाखवायचं आणि सगळं बिल शेवटी यायचं. मी दोन्ही कार्डं माझ्याच खिशात ठेवली.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेच्या तालमीसाठी जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. संकटात कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, वगैरे. शंभरेक माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली. काकांचा चेहरा एकदम उजळला.

"पाह्य, बसली ना पंगत!"

आणि ते उभे राहिले. ओळीच्या टोकाला, हात मागे बांधून, कुणाला काय कमी पडतं ते पाहत. तालीम घेणारा अधिकारी माइकवरून म्हणाला, "सर, प्लीज बैठिए." काका म्हणाले, "होने दो, होने दो. इनका होने दो." अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा सांगितलं. सगळे बसल्याशिवाय तालीम संपत नव्हती, आणि सगळ्यांचं संपल्याशिवाय काका बसत नव्हते. शेवटी मी सदरा धरून त्यांना खाली ओढलं. मागून एक गुजराती आजी म्हणाल्या, "भाईसाब बहुत इज्जतवाले हैं." मला घाम फुटला होता.

खरी अडचण संध्याकाळी सुरू झाली. वरच्या मजल्यावर बुफे. काका रिकामं ताट घेऊन कडेला उभे राहिले आणि लोकांचं व्हायची वाट पाहू लागले. पण बुफेतल्या लोकांचं होत नाही. दहा उठतात तेव्हा पंधरा येतात. जेवण संपता संपता आइस्क्रीमवाले येतात, ते जातात तोवर कुणाला पुन्हा भूक लागलेली असते. माझं जेवण झालं तरी काका तसेच उभे.

"काकाजी, इथे उठतच नाही पंगत. घ्या आता वाढून."

"लोक हायेत ना अजून. माह्यी काही घाई नाही."

त्या रात्री ते दोन केळी खाऊन झोपले. सकाळच्या नाश्त्याला तेच. मी चहा-बिस्किटं खोलीत आणून दिली. बोट थोडी हलत होती. मळमळेल म्हणून मी लिंबू जवळ ठेवलं होतं, पण मळमळायला पोटात काही तरी असावं लागतं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला धास्ती वाटू लागली. अडुसष्टचं वय, चहूकडे पाणी, बोटीवरच्या डॉक्टरची फी नुसत्या तपासणीलाच हजारांत, आणि मी सुनंदाला काय सांगणार? जिथे पाहिजे तेवढं खायला मिळतं तिथे माणूस उपाशी पडला?

दुपारच्या जेवणाला मी माझं ताट घेऊन बसलो आणि वर पाहतो तर काका डाळीच्या टेबलामागे. हातात स्वतःची पळी. समोर रांग.

"घ्या हो, गरम हाये! लो, लो! इतने में क्या होता?"

कालच्या गुजराती आजींनी "बस, बस" म्हणत ताटावर हात आडवा धरला. काकांनी दोन बोटांनी तो उचलला आणि डाळ घातली. आजी खूश झाल्या. डाळीची रांग पनीरच्या रांगेपेक्षा लांब झाली. शेजारी भाताजवळ जोसेफ नावाचा वेटर होता, पन्नाशीचा, मंगळूरकडचा. तो आपलं काम करता करता काकांकडेच बघत होता.

मग मॅनेजर आला. तो सभ्यपणे बोलला, हात जोडून बोलला. स्वच्छतेचे नियम आहेत, हातमोजे लागतात, पाहुण्यांना मागे येता येत नाही. काकांनी मान हलवली, पळी फडक्याने पुसली आणि हॉलमधून निघून गेले.

मी शोधत गेलो. ते डेकवर कठडा धरून उभे होते.

"काकाजी, हा हट्ट कायचा? सगळे खातात, तुम्ही उपाशी. मी काय करू सांगा."

कठड्यावरचा हात काढून त्यांनी पळी फडक्यात गुंडाळली.

"प्रकाश, तुले वाटते मी मोठेपना करून राह्यलो. नाही बावा. शेवटच्या पंगतीत काय होते, पाह्यलं काय तू कधी? तू तं पयल्या पंगतीतला."

"नाही पाहिलं."

"वाढपी सारे संग बसतात. आचारी सोता येऊन वाढते. 'घे देवमन, दिवसभर राबला.' तवा मी हात आडवा धरतो. तेवढ्यासाठी थांबतो मी." ते हसले. "घरी भाकर टाकतो, उभ्याउभ्याच खातो. तिथं कोनाम्होरं हात धरू? तुही काकू होती तवा मी नाही म्हनलं का माह्या हात उचलून वाढे. दोन बोटाईनं. तिच्यापाशीच शिकलो मी थे."

मी घड्याळात पाहिलं. तीनला जेवण बंद करून हॉल साफ करतात, असं पत्रकात लिहिलेलं मला आठवत होतं. मी खाली गेलो आणि जोसेफला गाठलं.

"जोसेफभाई, मेरे साथ वाले काका सबके बाद खाते हैं. बिलकुल सबके बाद."

"मालूम है सर. कल से देख रहा हूँ," तो म्हणाला. "हम लोग भी वैसे ही खाते हैं. अंकल को तीन बजे ले आइए."

तीन वाजता हॉल खरंच रिकामा झाला. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या जात होत्या. खिडकीजवळचं एकच टेबल जोसेफने मांडून ठेवलं होतं, आणि त्यावर एकच ताट.

"अंकल, सब का हो गया. देख लीजिए."

काकांनी खरोखर पाहिलं. हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग बसले.

"तुम नहीं बैठते?"

"हम को इधर बैठना मना है अंकल. आप खाइए, मैं देता हूँ. वो चमचा दीजिए आपका."

काकांनी फडकं सोडलं आणि पळी त्याच्या हातात दिली. माझ्या माहितीत ती वाढायला दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. जोसेफने भात वाढला, वर डाळ घातली. काका जेवू लागले. सावकाश, मान खाली घालून. जोसेफ पुन्हा डाळ घेऊन आला.

"थोड़ा और, अंकल."

काकांनी ताटावर हात आडवा धरला.

इतक्या लग्नांत मी त्यांना लोकांचे हात बाजूला करताना पाहिलं होतं. त्यांचा हात तसा ताटावर धरलेला मी पहिल्यांदा पाहत होतो. शेतकऱ्याचा रुंद, भेगाळलेला हात. जोसेफ थांबला. वाकला. दोन बोटांनी त्याने तो हात अलगद उचलला आणि वाढलं.

खांद्यावरच्या दुपट्ट्याने काकांनी डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा डाळ आली तेव्हाही हात आडवा धरला, भूक होती तरी.

दुसऱ्या दिवशीही दुपारी तीनची पंगत चुकली नाही. मधे गोवा पाहिला. त्याबद्दल काकांचं मत एवढंच, की समुद्र चांगला आहे, पण बसायला सावली नाही.

शेवटच्या सकाळी बिल आलं. त्यात सेवेपोटी माणशी बाराशे रुपये लावलेले. काका चिडले.

"वाढप्याले पैसे? मले देल्ले कधी कोनी?"

मी समजावून सांगितलं. हे त्यांचं पोट आहे. जोसेफ आठ महिने घरी गेलेला नाही, त्याच्या दोन मुली कॉलेजात आहेत, पगार बेताचा. काकांनी ऐकून घेतलं. मग बिलावर बोट ठेवून विचारलं, "मंग इतके कमी काहून लिहिले?"

उतरताना जोसेफ जिन्याशी उभा होता. काकांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पळी काढून त्याच्या हातात ठेवली.

"अंकल, फिर गाँव की शादी में क्या करोगे?"

"दूसरी लेंगे. नहीं तो बैठेंगे पहली पंगत में," काका म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

बंदरावर लाडू आणि नारळ चिठ्ठीसकट परत मिळाले. नारळ आम्ही कळंबला येऊन चिंतामणीपुढे फोडला. सुनंदाला लाटांची भीती वाटली याचे मी तिथे मनातल्या मनात आभार मानले.

शेवटी दिलं ते असं. नाव बदलण्याचे दोन हजार आणि बिलाचे दोन हजार सातशे चाळीस, सेवेचे पैसे धरून, बोटीच्या कंपनीला. पाचशे रुपये, काकांच्या खिशातले, जोसेफला. आणि वरणाची पळी, तीही जोसेफलाच.