तेलताडाच्या सुभ्यात पाणी कोंडिले त्याचे वर्तमान

श्रीजलदेवतेचे चरणी मस्तक ठेवून, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, चैत्रमासी पाणथळ सुभ्यात तेलताडाच्या बागा पिवळ्या पडो लागल्या. सुभ्याचे पाणी निंबाजी धारकर यांचे हाती. त्यांस अन्न गोड लागेना, बैसले ठायी बैसवेना. बांधावर जावे, कालव्यात काठी बुडवून पाहावी, परतावे आणि मागुती जावे, ऐसे जाहले. कारण की, तेथील भूमी कुजल्या पाल्याची, काळी, मऊ. पाणी वर आले तर मुळे कुजती, फार खाली गेले तर भूमी आंबट होऊन झाडांस खाय. गतवर्षी मुळे कुजली म्हणोन सुभेदार भगवंतराव यांनी कालवे खोल खणविले, आणि पाणी पुरुषभर उतरले, मग भूमी सुकली, खचली, ताड कलले, कालव्यात गंजाच्या रंगाचे पाणी आले आणि मासे उताणे पडले. चुना बहुत टाकिला. तो विरे आणि आंबटपणा खालून नवा ये. मग उत्तरेच्या बागेत भूमीतूनच धूर निघो लागला. ज्वाळा नाही, नुसता धूर; एके ठायी विझवावा तो दुसरीकडे उठे.

निंबाजी धावत सदरेस गेले आणि म्हणाले, "सरकार, भूमीच्या पोटात आग शिरली. कालव्यांची दारे लावून पाणी भूमीखाली हातभरच राहील इतके चढविले तरच विझेल, आंबटही दबेल."

सुभेदार बोलिले, "तळाची बाग बुडेल. कोणाची आहे, ठाऊक ना?"

"माझ्या धाकट्या भावाची."

"आज्ञा आम्ही देतो. रायाजीपुढे उभे तुम्ही राहा."

रायाजी शेवटच्या दारावर बैसून होते. म्हणाले, "दादा, पाऊस येईतो थांबा."

"तोवर सुभा राहत नाही, रायाजी."

"आणि मी राहतो? तुमची बाग उंचावर, तुम्हांस बोलणे सोपे."

"माझी निम्मी घे."

"मजला तुमची नको. मी लाविली ती हवी."

निंबाजींनी दार लावावयाची फळी उचलिली, परंतु खाचेत घालवेना. इतक्यात वारा फिरला आणि धूर वस्तीवर आला, आणि घराघरांतून पोरे खोकू लागली. रायाजी उठले. निंबाजींच्या हातची फळी त्यांनी घेतली आणि म्हणाले, "ही मी लावतो. माझी बाग दादाने बुडविली, ऐसे उद्या माझे तोंडून निघू नये." आणि फळी खाचेत ठोकून बसविली.

पाणी चढले, धूर निवला, आणि रायाजींचे ताड पाण्यात उभे उभे काळवंडले. रायाजी बायकापोरांसह घाटापलीकडे निघोन गेले. निम्मी बाग घेतली नाही. निंबाजी वेशीपर्यंत पोचवावयास गेले.

एवंच, सुभा हिरवा जाहला, पाणी आपल्या ठायी राहिले. निंबाजी मात्र कोठे स्थिर बैसल्याचे कोणी पाहिले नाही.