चष्मीच्या गळ्यातला कॅमेरा

आमची चष्मी मुंगीलासुद्धा वाट देते, असं मी सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये छातीवर हात ठेवून सांगितलं. सांगून गप्प बसावं की नाही? पण वर म्हणालो, "सिद्ध करून दाखवीन!"

चष्मी म्हणजे आमची मांजर. अंगानं पांढरीशुभ्र आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. माझं चष्म्यांचं दुकान, तेव्हा नाव शोधावं लागलंच नाही. ही बया दिवसभर सोफ्यावर उशीसारखी पडलेली. एकदा तर एक पाहुणे तिच्यावर बसता बसता राहिले!

मीटिंग घडवून आणली होती वरच्या मजल्यावरच्या बाईंनी. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर पक्षी मोजायला लागल्या. इमारतीमागच्या झुडपांत गेल्या वर्षी चिमण्यांची अकरा घरटी होती, यंदा चार उरली.

"मोकळी मांजरं," बाई म्हणाल्या. "दुसरं कारण मला दिसत नाही. त्यांना घरात ठेवा."

सेक्रेटरींनी लगेच ठराव लिहायला घेतला. "मांजर या प्राण्याशी माझा काडीचा संबंध नाही, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे," असंही ऐकवलं. कुत्रेवाले खुशीत होते. त्यांची कुत्री साखळीला बांधलेली! तेव्हा बाई त्यांच्याकडे वळल्या, "तुमची पाळी पुढच्या महिन्यात. कुत्र्यांची घाण भरलेल्या रोजच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मी मोजतेय." कुत्रेवालेही गार!

मी बटणाएवढा कॅमेरा आणला, चष्मीच्या पट्ट्याला अडकवला आणि एक अख्खा दिवस चित्रण केलं. रविवारी दुपारी हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवायचं ठरवलं.

"अहो, आधी आपण घरी बघून घेऊ या," बायको म्हणाली.

"अगं, विश्वास नावाची काही चीज असते!"

पडदा उजळला. वर चष्मीची हनुवटी, खाली दोन पांढरे पंजे. पंजे निघाले, जिना उतरले आणि दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांच्या दारात थांबले.

"आली का माझी राणी!" पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले आणि माशांचा डबा फोडला.

हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले डॉक्टर बुटांकडे बघू लागले. चष्मीनं डबा चाटून पुसून साफ केला आणि गेली शिंपीणकाकूंकडे. तिथं ती 'छकुली' होती. पुन्हा मासे! तिथून तळमजल्यावर. दार उघडलं, आणि पडद्यावर चक्क सेक्रेटरी जमिनीवर पालथे पडून म्हणत होते, "माझ्या बबड्याला भूक लागली? बबड्या कुणाचा?"

हॉल खो खो हसला. सेक्रेटरींनी ठरावाचा कागद चेहऱ्यासमोर धरला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही, डॉक्टर, काकू आणि सेक्रेटरी, चार घरं. समुद्रातून उपसलेला मासा, डबे, पिशव्या. एका मांजराचा पसारा चौपट!"

"पण पोट भरलंय ना," मी घाईघाईनं म्हणालो. "आता बघा, झोपेल."

ती झुडपांकडे गेली.

पुढचं कसं सांगू तुम्हाला? पंजे थांबले. गवताचं एक पातं हललं, पंजा हलला नाही. एक मिनिट, पाच मिनिटं, वीस मिनिटं! चित्रण पुढे पळवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या सोफ्यावरची ती लोळागोळा उशी दगडाची झाली होती. समोर एक चिमणी चोचीत काडी घेऊन उतरली. मग पडदा नुसता पांढरा झाला, आभाळ खाली आलं, जमीन वर गेली, आणि सारं थांबलं तेव्हा मिशांखाली एक पंख होता.

वाघीण! दोन वर्षं मी वाघिणीला "ऊठ गं आळशी" म्हणत होतो!

"काय झेप आहे," बाई पुटपुटल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि नजर पडद्यावरून हलत नव्हती. "भूक लागली म्हणून नाही मारलं तिनं. मांजर आहे म्हणून मारलं."

पंजे परत निघाले आणि चिमणी सेक्रेटरींच्या पायपुसण्यावर अलगद ठेवली गेली.

सेक्रेटरींचा ऊर भरून आला. "आठ महिने झाले, दर आठवड्याला आणतो माझा बबड्या!"

"आठवड्याला? माझ्याकडे दोन दोन असतात!" डॉक्टर उसळले.

"मला तर चिमणीची पिल्लंसुद्धा आणून दिलीत!" शिंपीणकाकू अभिमानानं म्हणाल्या.

बाई वहीत लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी बेरीज वाचली. "आठ महिन्यांत, एकटीनं, शंभराच्या वर."

काकूंनी पदर तोंडाला लावला. ठराव मंजूर झाला. विरोधात एकही हात नव्हता, माझाही नाही. चष्मी आमच्या घरात राहणार, खिडकीला जाळी बसणार, आणि मासा एकाच घरातून मिळणार. बाकीच्यांनी येऊन नुसतं भेटून जायचं.

जिना चढताना बायको मध्येच थांबली. "अहो, सगळ्यांकडे काही ना काही आणते ती. आपल्याकडे कधी काय आणलंय?"

मी खूप आठवलं. पाल नाही, उंदीर नाही, साधं झुरळही नाही.

मागून बाई येत होत्या. त्यांना विचारलं. "मांजर ज्यांना आपलं मानतं त्यांच्यासाठी शिकार आणतं, असं म्हणतात बुवा," त्या म्हणाल्या.

"मग आम्ही तिचे कोण?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चष्मा मीच दिलेला.

"तुमच्याकडे ती फक्त झोपते ना? मग तुम्ही तिचं लॉज!"