स्टँड नव्हताच

त्या रविवारी तारीख कोणती होती, हे वेंडेल नुर्मीला आज खात्रीनं सांगता येत नाही. ऑक्टोबर संपत आला होता, एवढं तो कबूल करतो, तेही लॉरेटाने शेजारून मान डोलावली तर. चौतीस वर्षं त्यानं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. उत्तर सांगितलं की ते किती चुकीचं असू शकेल हेही लगेच सांगायचं, ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. (लग्नाच्या वेळी पाद्र्यानं विचारलं तेव्हासुद्धा तो “बहुतेक हो” म्हणाला होता, असं लॉरेटा सांगते. त्याला तेही नीट आठवत नाही.)

एका गोष्टीबद्दल मात्र त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती मोटरसायकल घरी आली तेव्हा तिला साइड स्टँड नव्हता.

सुरुवात साधी होती. निवृत्तीच्या दिवशी विभागानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. महिनाभर त्या घड्याळाकडे बघितल्यावर वेंडेलनं ठरवलं, जन्मभर कागदावर काम केलं, आता एक तरी अशी वस्तू पुरी करायची की जी ढकलली तर पुढे जाईल. डुलुथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेला मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या त्यांच्या गावात, या वयाची माणसं मासे पकडायला जातात. वेंडेलनं एका विधुर गृहस्थाकडून एक सांगाडा आणि तीन खोकी विकत आणली. त्यातून पुढे वाकून चालवायची, उंच सीटची, झेपावणारी मोटरसायकल उभी करायची होती.

“बरं आहे,” लॉरेटा म्हणाली, “हिवाळाभर तुझं मन रमेल.”

हिवाळाभर म्हणजे एक हिवाळा, असं ती धरून चालली होती. सहा झाले. सहा हिवाळे तिची मोटार गॅरेजबाहेर उघड्यावर उभी राहिली आणि सहा हिवाळे ती पहाटे अंधारात काचेवरचा बर्फ खरवडून दातांच्या दवाखान्यात कामाला गेली. आत वेंडेल शेगडी लावून बोल्ट आवळत बसलेला असायचा.

एवढा वेळ कशात गेला, तर तपासण्यात. बोल्ट नीट आवळला की त्याच्या डोक्यावर रंगाची बारीक रेघ ओढायची, म्हणजे तो झाला असं समजायचं, ही या कामातली रीत. वेंडेलनं रेघेसाठी लॉरेटाची गुलाबी नेलपॉलिश उचलली. पण दुसऱ्या हिवाळ्यात त्याला वाटायला लागलं की रेघ आपण आवळल्यावर ओढली की आवळण्याआधी? मग सगळे बोल्ट पुन्हा आवळून लाल रेघ. चौथ्या हिवाळ्यात लाल रेघेबद्दल शंका आली, तेव्हा जांभळी.

“बोल्टांना तीन-तीन रंग,” लॉरेटा म्हणाली, “आणि मी भाचीच्या लग्नाला कोऱ्या नखांनी.”

शेजारचा डेल कोस्की अधूनमधून डोकावायचा. तो लोहखनिजाच्या धक्क्यावर वेल्डर होता, आयुष्यात त्यानं कधी काही दोनदा तपासलं नव्हतं, आणि त्याच्या चारही मोटरसायकली चालत होत्या. “मास्तर,” तो म्हणायचा, “सरोवर आटलं की मला हाक मारा. तुमची गाडी बघायला येईन.”

सातव्या हिवाळ्याच्या तोंडावर लॉरेटाने काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी वेंडेलच्या पान्यांच्या शेजारी आणून ठेवली. आवाज चढवला नाही. “हे बघ, पहिला बर्फ पडायच्या आत ती गाडी स्वतःच्या चाकांवर इथून बाहेर जाऊन परत आली पाहिजे. नाही गेली, तर मी डेलला फोन करते. तो खोक्यांसकट घेऊन जाईल.”

वेंडेलला त्या रात्री जेवण गेलं नाही. डेल ती गाडी घेईल, शनिवारच्या एका दुपारी पुरी करेल आणि सहा हिवाळे म्हणजे शनिवारची एक दुपार, हे साऱ्या गल्लीला कळेल.

म्हणून त्या रविवारी, आकाश पत्र्यासारखं राखाडी झालेलं असताना, दोघांनी मिळून गाडी घोडीवरून खाली उतरवली. (घोडी म्हणजे मागचं चाक उचलून धरणारी लोखंडी चौकट. सहा वर्षं गाडी तिच्यावरच उभी होती.) लॉरेटाने मागून धरलं, वेंडेल सीटवर चढला. सीट त्यानं हौसेनं इतकी उंच करून घेतली होती की एका वेळी एकाच पायाचा अंगठा जमिनीला टेकायचा. त्यानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली. पहिल्याच झटक्यात. वेंडेलला इतकं आश्चर्य वाटलं की खात्री करायला त्यानं ती बंद करून पुन्हा सुरू केली.

“जा आता,” लॉरेटा म्हणाली.

सरोवराकाठच्या धिरड्यांच्या हॉटेलासमोर त्या दिवशी मोसमातला शेवटचा मेळा होता. तीसेक मोटरसायकली ओळीनं तिरक्या उभ्या होत्या आणि माणसं कॉफीचे पेले घेऊन एकमेकांच्या गाड्या न्याहाळत होती. टेकडी उतरताना वेंडेलला पंचवीस वर्षांचं झाल्यासारखं वाटत होतं. तो आवारात वळला, ओळीत एक रिकामी जागा हेरली, वेग कमी केला, आणि स्टँड काढायला डावा पाय मागे नेला.

पाय हवेत फिरला. पुन्हा नेला. पुन्हा हवा.

तीन रंगांत तपासलेल्या दोनशे बारा बोल्टांत एकही बोल्ट स्टँडचा नव्हता, हे वेंडेलला त्या क्षणी कळलं. थांबता येत होतं. उतरता येत नव्हतं. भिंतीला टेकवावी तर रंगाचे सहा हात दिलेले.

त्यानं आवाराला एक फेरी मारली. डावा हात हँडलवरून काढून खाली, जिथं स्टँड असायला हवा होता तिथं, दोन बोटांनी दाखवू लागला. नाही, नाही, असं तो शिरस्त्राणाच्या आत म्हणतही होता. पण मोटरसायकलवाले एकमेकांना रामराम करतात तो नेमका असाच, डावा हात खाली सोडून, दोन बोटांनी. तीस जणांनी त्याला उलट रामराम केला. दुसऱ्या फेरीत त्यानं बोटं आणखी जोरानं हलवली. लोकांनीही आणखी प्रेमानं हलवली. तिसऱ्या फेरीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

शेवटी तो, त्या गर्दीत कॉफी पीत उभ्या असलेल्या डेलसमोर येऊन, एका अंगठ्यावर तोल सांभाळत थांबला.

“मास्तर,” डेल म्हणाला, “सरोवर तर भरलेलंच आहे की.” मग तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, आणि त्याचा चेहरा बदलला. “देखणी झालीय. खोटं नाही सांगत. उतरा, जरा नीट बघू द्या.”

इथं एक वाक्य पुरेसं होतं. डेल, जरा धर, मी स्टँड विसरलो. पण सहा वर्षांत पहिल्यांदा डेलच्या तोंडून चांगला शब्द निघाला होता, आणि तो पाच मिनिटं तरी टिकावा असं वेंडेलला वाटलं.

“नको,” तो म्हणाला. “बसलोय तो बरा आहे.”

“अहो, पाय मोकळे करा.”

“मोकळेच आहेत.” (एक तर फारच मोकळा होता, लोंबकळत.)

“सहा वर्षं वाट बघितली माणसानं,” डेल लोकांना सांगू लागला, “आता खालीच उतरत नाही म्हणतो.” लोक हसले, पण आदरानं. कोणी त्याला जागेवर कॉफी आणून दिली. कोणी आग्रहानं दुसरी दिली. वेंडेल दोन्ही प्यायला, कारण पेला ठेवायलाही उतरावं लागलं असतं.

त्या वेळी तो एकोणसत्तर वर्षांचा होता. त्या वयात दोन पेले कॉफी वाट बघत नाही.

घराची टेकडी तो कसा चढला हे त्याला खरंच आठवत नाही. दारात आला तर गॅरेज उघडं, आणि आत, गाडीच्या जागी, लॉरेटाची मोटार. तो वळणापलीकडे जाईपर्यंतसुद्धा लॉरेटा थांबली नव्हती. आता ती मोटारीला टेकून, हातात पेला घेऊन, सहा वर्षांनी घरात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी मोटारीकडे बघत उभी होती.

“लॉरेटा,” वेंडेल म्हणाला, “धर.”

“काय धरू?”

“मला. गाडीला. लवकर.”

तिनं पेला खाली ठेवला आणि हँडल धरलं. वेंडेल उतरला आणि धावला. गॅरेजमधून घरात जायचं दार आपोआप मिटून कुलूप लागणारं होतं, म्हणून ते कायम एका लोखंडी तुकड्यानं अडवलेलं असे. त्या तुकड्याला पाय अडखळून तो स्वयंपाकघरात जवळजवळ पालथाच पडला. पण पोचला.

परत आला तेव्हा लॉरेटा अंगणात तशीच उभी होती. तिच्या केसांवर पहिला बर्फ पडत होता.

“स्टँड कुठाय?” तिनं विचारलं.

“नव्हताच. खोक्यांतून आलाच नाही.”

“आला असेल, तू कुठं ठेवला असशील.”

“नाही लॉरेटा. बाकी कशाचंही सांगत नाही, पण हे मला पक्कं आठवतंय. स्टँड नव्हताच.”

लॉरेटाने उघड्या दाराकडे बघितलं. मग त्याच्याकडे. “बरं,” ती म्हणाली. “आधी घोडी आण. माझे हात गारठले.”

आठवड्यानं नवा स्टँड आला. वेंडेलनं तो स्वतः बसवला आणि बोल्टावर तीन रेघा ओढल्या. मोटारीच्या शेजारी, भिंतीलगत, गाडी बेताची मावली. उन्हाळ्यात तो डेलबरोबर फिरून यायचा आणि आल्यावर प्रत्येक वेळी, गरज नसतानाही, लगेच उतरायचा.

आठ वर्षांनी त्यांनी घर विकलं. खालच्या सपाट भागात, जिना नसलेल्या घरात जायचं ठरलं. सामान बाहेर निघालं. शेवटी वेंडेलनं दाराखालचा तो लोखंडी तुकडा उचलला आणि टाकून द्यायला निघाला. जड वाटला, म्हणून उजेडात नेऊन उलटा केला. वीतभर दांडी, टोकाला चपटा पाय, वर एक कंस, कंसात एक बोल्ट. बोल्टावर रेघ. गुलाबी.

तेव्हा त्याला आठवलं. पहिल्या दिवशी, पहिल्या खोक्यातून, आयुष्यात आवळलेला त्याचा पहिलाच बोल्ट. मग घरातून दुसरं खोकं गॅरेजमध्ये आणायला दोन्ही हात लागले, तेव्हा दार अडवायला काहीतरी हवं होतं. अख्ख्या गाडीत हा एकच बोल्ट त्यानं एकदाच तपासला होता.

लॉरेटा मागे येऊन उभी राहिली.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तू पक्कं म्हणालास,” ती म्हणाली. “म्हटलं, एकदा असू दे.” तेवढ्यात त्यांच्यामागे दार सावकाश येऊन मिटलं, आणि किल्ल्या आत राहिल्या. “शिवाय दार कशानं अडवलं असतं?”