मोकळी आकडी

धोंडूतात्या वर्षभर कुणाच्या कोयतीला हात लावत नसत. शिमगा आला की मात्र गावातल्या प्रत्येक तरुण पोराची कोयती त्यांना फुकट पाजवून द्यायची असे.

पावस गावाच्या अलीकडे आमची वाडी आणि तात्या माझे शेजारी. आमच्याकडे बागेत जाणारा माणूस कमरेला आकडी बांधतो आणि पाठीमागे तिच्यात कोयती अडकवतो. पोरं तशीच पालखी नाचवायला येत. वाटेवर तात्या धारेचा दगड मांडून बसलेले.

"काय ही धार, मेल्या! हिनं केळ्याचं सालसुद्धा निघायचं नाय. ठेव हितं."

संध्याकाळी पोर मागायला आलं की उत्तर एकच, "धार अजून बसली नाय." ही धार पालखी देवळात परत गेल्याशिवाय कधीच बसत नसे. तोवर घरोघरी शहाळी तशीच पडून राहत आणि बायका तात्यांच्या नावाने बोटं मोडत.

"तात्या, तुमच्या दगडाला पालखी कळते काय हो?" वरच्या वाडीतला गणू विचारी.

"तुझ्या तोंडाला कोणी पाजवलं रे?" तात्या म्हणत आणि कोयती मांडीखाली सारत.

एका वर्षी पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून वरची आणि खालची वाडी भिडली. खालच्या वाडीतल्या शिवाने गणूला ढकललं. गणूचा हात पाठीमागे गेला. शिवाचाही गेला. दोघांच्या हाताला नुसती आकडी लागली. पाठ खाजवीत असल्यासारखे दोघे तसेच उभे राहिले. आधी ढोलवाला हसला, मग सगळेच. पालखी उठली.

ती देवळात गेल्यावर पोरं आपापल्या कोयत्या घेऊन गेली. तात्यांच्या पडवीत खुंटीला एक उरली, गंजून लाल झालेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"आमच्या बाळूची."

बाळू तात्यांचा एकुलता मुलगा. अशाच एका शिमग्यात खांद्याच्या भांडणात त्याने एका सोबत्यावर कोयती चालवली. सोबती मेला. बाळू शिक्षा भोगून सुटला तो परस्पर आगबोटीने मुंबईला गेला. गावात परत आला नाही.

"त्या सकाळी मीच पाजवून दिली होती," तात्या म्हणाले. "चांगली पाजवली होती."

"गंज तरी काढा," मी म्हणालो.

"मागायला येऊ दे तर खरा," तात्या म्हणाले. "त्यालाही सांगेन, धार अजून बसली नाय. बस थोडा."

आणि ते दगड धुवायला उठले.